पोटखराबा

नातीच्या कमरेचा करगोटा तिच्या आजीने दोन महिन्यांत दोनदा सैल केला आणि दोन्ही वेळा घरात आनंदच झाला. पोर अंग धरते आहे, असे आजी म्हणाली आणि आम्ही सर्वांनी ते मान्य केले. साडेतीन वर्षांच्या मुलीचे हातपाय काटकुळेच राहिले आहेत आणि भरते आहे ते केवळ पोट, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. मी चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी केली. कोणी कोणाचा बांध किती वीत कोरला हे लोकांच्या शेतात उभे राहून सांगणे, हेच माझे काम होते. पण माझ्याच मांडीवर बसून जेवणाऱ्या मुलीच्या पोटातली हद्द सरकली, ती मात्र मला दिसली नाही.

जुलै २०१८ मध्ये एका रविवारी आंघोळ घालताना सूनबाईंचा साबणाचा हात उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली अडखळला. आत नारळाची वाटी पालथी ठेवावी तसे टणक आणि गुळगुळीत काहीतरी होते. त्याआधी महिनाभर गावातल्या एका डॉक्टरांनी जंतांचे औषध आणि पोट साफ होण्याचे सरबत दिले होते. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या फुगलेल्या पोटांपैकी जवळजवळ सगळ्यांत जंत नाहीतर मलच असतो. सोनोग्राफी झाली, साताऱ्याला सीटी स्कॅन झाला आणि आठवड्याच्या आत आम्ही वाईहून परळला पोहोचलो. तिथे पहिली सूचना मिळाली ती औषधाची नव्हती. मुलीचे पोट दाबून पाहू नका आणि कोणालाही पाहू देऊ नका, असे बजावून तशी पाटीच खाटेच्या डोक्याशी लावण्यात आली. गाठ दाबाने फुटली तर तिच्यातल्या पेशी पोटभर पसरतात.

गाठीचे नाव विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा एक कर्करोग. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये या गाठींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून हे नाव पडले. आईच्या पोटात मूत्रपिंड घडत असताना ज्या पेशी त्या कामाला लागलेल्या असतात, त्यांपैकी काही घडायच्या राहून जातात आणि जन्मानंतरही वाढत बसतात. त्यांची ही गाठ. बहुतेक मुलांत ती पाचव्या वर्षाच्या आत उघडकीस येते. चांगले उपचार मिळालेल्या दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात, असे डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्या 'नऊ'वर आम्ही त्या दिवशी विश्वास ठेवला नाही. आकडा खोटा वाटला असे नव्हे, पण दहावे मूल आपलेच असणार, असे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला वाटत असते.

उपचारांचा बेत असा होता : चार आठवडे औषधे, मग पुन्हा स्कॅन, मग शस्त्रक्रिया, आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर पुढचे ठरवायचे. औषधे दोनच होती. पहिले व्हिन्क्रिस्टीन, दर आठवड्याला एकदा. ते सदाफुलीपासून काढतात. आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या कडेने ती न लावता उगवलेली आहे, आणि ही बातमी गावात कळताच दोन-तीन जणांनी पाल्याचा काढा देण्याचा आग्रहही धरला. पुष्कळ पाल्यातून अत्यल्प औषध निघते, मात्रा किंचित चुकली तरी ते विष ठरते, आणि ते केवळ शिरेतूनच द्यावे लागते, हे प्रत्येकाला समजावून सांगता सांगता सूनबाई थकून गेल्या. दुसरे औषध ॲक्टिनोमायसिन-डी. सेल्मन वॅक्समन आणि त्यांचे सहकारी बॉइड वुडरफ यांनी १९४० मध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते वेगळे केले. प्रतिजैविक म्हणून ते फार विषारी ठरले, पण पुढे १९५०च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते विल्म्सच्या गाठींवर वापरून दाखवले. जन्मभर माती तुडवलेल्या माणसाला ही हकीकत ऐकून थोडा धीर आला, हे कबूल करतो.

पहिल्या स्कॅनच्या अहवालात गाठीची तीन मापे होती : ११.२, ९.५ आणि ९.० सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार करून त्याला ०.५२३ने गुणले की अंड्याच्या आकाराच्या वस्तूचे घनफळ मिळते, हे सूत्र एका तरुण डॉक्टरांनी मला केसपेपरच्या मागच्या बाजूस लिहून दिले. उत्तर आले ५०१ मिलिलिटर, म्हणजे दुधाची एक अर्ध्या लिटरची पिशवी. तेरा किलोच्या मुलीच्या कुशीत ती पिशवी मावली होती आणि मुलगी वॉर्डाच्या व्हरांड्यात तीनचाकी सायकल मागत होती.

ते चार आठवडे आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत काढले. रोज संध्याकाळी गावाहून फोन येत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असे : गाठ जिरली का? आमच्याकडे गळू बसते, सूज उतरते आणि गाठ जिरते. जिरली म्हणजे सुटलो, असा या शब्दाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. पोट दाबायला बंदी असल्यामुळे आजीने स्वतःची युक्ती काढली. करगोटा दवाखान्यात काढून ठेवावा लागला होता. रोज रात्री मुलगी झोपल्यावर आजी तोच काळा दोरा तिच्या पोटावरून हलकेच फिरवी आणि जिथे टोके जुळत तिथे चिमटीत धरून दिव्याखाली पाही. दोऱ्यावर आधीच्या दोन गाठींच्या खुणा होत्याच. जुन्या पद्धतीच्या मोजणीत आम्ही तेहेतीस फुटांची साखळी वापरत असू आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. आजीच्या साखळीला दोन आणे होते, इतकाच फरक.

पहिल्या आठवड्यात दोरा अर्ध्या बोटाने सैल पडला आणि आजीने दादरच्या सिद्धिविनायकाला नारळ बोलला. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो पूर्वीपेक्षाही घट्ट बसू लागला. त्या रात्री आमच्यापैकी कोणी जेवले नाही. सकाळी डॉक्टरबाईंनी मुलीला पाहिले आणि चार दिवसांत शौचाला किती वेळा झाली, असे विचारले. एकदाही झाली नव्हती. सदाफुलीचे ते औषध आतड्याच्या नसांना सुस्त करते आणि त्यामुळे पोट फुगते. औषध देऊन पोट मोकळे झाल्यावर दोरा पुन्हा सैल झाला. त्यानंतर मी दोरा मागून घेतला आणि खिशात ठेवला, पण मनातले मोजणे काही थांबले नाही.

पाचव्या आठवड्यात दुसरा स्कॅन झाला. १०.८, ९.३, ८.९. मी अहवाल हातात पडताच तिथेच, बाकावर बसून, गुणाकार केला. ४६८ मिलिलिटर. दुधाच्या पिशवीतून चहापुरते दूध काढावे एवढाच फरक होता, शेकडा सातसुद्धा नाही. माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायची तर हा फरक नव्हताच. तिन्ही मापांत दोन-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले असते तर गाठ पुन्हा ४९७वर गेली असती. आणि दोन मिलिमीटर म्हणजे पडद्यावर खूण करणाऱ्याने बोट किती नेटाने रोवले, एवढ्याचा प्रश्न. हद्द कायम करताना असा फरक आला तर मी तो नकाशावरच्या रेघेच्या जाडीत घालवला असता.

त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा अहवाल आला. त्याचे वडील मराठवाड्यातले, एसटीत वाहक. त्या मुलाला हाच आजार होता, औषधेही हीच दोन होती आणि तारखासुद्धा जवळपास आमच्याच. त्याची गाठ चौथाईवर आली होती. वडिलांनी खाली जाऊन पेढे आणले आणि आमच्याही हातावर एक ठेवला. तो पेढा खाताना माझ्या मनात जे आले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

डॉक्टरबाई संध्याकाळी आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी माझा गुणाकार तपासला, बरोबर आहे असे सांगितले आणि मग शांतपणे विचारले, "आबा, ही औषधे आम्ही कशासाठी दिली, असे तुम्हाला वाटते?" गाठ लहान करण्यासाठी, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "लहान झाली तर शस्त्रक्रिया सोपी होते, म्हणून बरेच. पण ती फुटू नये, हे पहिले काम."

या उत्तराचा इतिहास मला पुढे वाचनातून उलगडला. बालकर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, जिला सगळे 'सिऑप' म्हणून ओळखतात, १९७१ मध्ये आपला पहिला विल्म्स-अभ्यास सुरू केला. तेव्हा शस्त्रक्रिया करताना गाठ हातात फुटणे ही मोठी आपत्ती होती. त्यांनी आधी किरणोपचार देऊन पाहिले आणि फुटण्याचे प्रमाण चांगलेच उतरले. पुढच्या अभ्यासात किरणांच्या जागी ही दोन औषधे देऊन पाहिली, तर तीही तेवढेच काम करतात असे दिसले. औषधांनंतर गाठीभोवती तंतूंची जाड साल धरते आणि गाठ हाताला घट्ट लागते. अमेरिकेत मात्र अजूनही बहुधा आधी शस्त्रक्रिया आणि मग औषधे अशीच रीत आहे, आणि दोन्हीकडे बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळजवळ सारखेच आहे. महिनाभर आधी औषध दिल्याचा खरा लाभ आणखी एका ठिकाणी होतो. गाठ बाहेर काढली की त्या औषधाला ती कशी वागली, हे तिच्यातच लिहिलेले सापडते. पण ते वाचायला सूक्ष्मदर्शक लागतो. तिथे माझा गुणाकार उपयोगाचा नाही.

आकाराने निकाल लावण्याची ही सवय आली तरी कुठून, हे शोधताना मला १९७६ सालचा एक प्रयोग सापडला आणि त्यावर मी अक्षरशः फिदा झालो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे मोर्टेल आणि हॅन्ली या दोघांनी गादीवर लहानमोठे बारा गोळे मांडले, त्यांवर फोमचा थर पसरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना बोलावून ते गोळे वरून चाचपून मोजायला सांगितले. गोळे तेच, फोम तोच, तरी दोन तज्ज्ञांची मापे जुळेनात; इतकेच काय, एकाच तज्ज्ञाला सारख्याच आकाराचे दोन गोळे वेगवेगळे लागत. लांबी-रुंदीच्या गुणाकारात पाव भागाची घट हाच 'फरक पडला' याचा पुरावा मानायचा ठरवले, तर गोळा तसूभरही न बदलता अनेकदा फरक पडल्याचे दिसे. निम्म्याने घट ही अट घातली की असा भ्रम बराच कमी होई. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत निम्म्याची ही अट रूढ झाली आणि २००० साली आलेल्या नव्या नियमांनी फक्त सर्वांत मोठा व्यास घेऊन तीस टक्क्यांची रेघ आखली. म्हणजे ती रेघ मुळात मोजणाऱ्याच्या चुकीपासून बचाव म्हणून आखलेली. रोगी जगेल की नाही, याचा शोध घेऊन ती आखलेली नव्हती. मोजणी खात्यातल्या कोणालाही हे लगेच पटेल. आमच्याकडेही एक फरक माफ असतो, आणि तो माफ आहे म्हणून तेवढी जमीन हरवली असे कोणी म्हणत नाही.

जाता जाता एक गंमत. दहा सेंटिमीटर व्यासाचा लाडू सातवर आला तर डोळ्याला तो थोडा लहान दिसतो, पण त्यातला दोनतृतीयांश ऐवज गेलेला असतो. उलट गाठीतला निम्मा ऐवज नाहीसा झाला तरी व्यास पाचव्या हिश्शानेच घटतो, म्हणून आजीच्या दोऱ्याला तो कळलाही नसता.

शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. गाठ न फुटता, मूत्रपिंडासकट, सालीसकट बाहेर आली. मग दहा दिवस विकृतिशास्त्र विभागाच्या अहवालाची वाट पाहण्यात गेले. अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला एक छायाचित्र दाखवले, जे मी कधीच विसरणार नाही. गाठीचा मध्यातून घेतलेला एक सबंध काप, आणि त्यावर चौकोन आखून प्रत्येकाला क्रमांक दिलेला. प्रत्येक चौकोनाचा स्वतंत्र तुकडा करून तो मेणात बसवतात, त्याची कातडीहून पातळ चकती काढतात आणि कोणत्या क्रमांकात काय सापडले, ते त्या नकाशावर भरतात. तो गट-नकाशाच होता. नदी, नाला, खडक आणि पिकाऊ जमीन वेगवेगळी दाखवावी, तशी त्यात मेलेल्या पेशी, रक्तस्रावाच्या जुन्या जागा आणि जिवंत भाग वेगवेगळे दाखवले होते.

जिवंत भाग पुष्कळ होता, आणि इथेच माझ्या गुणाकाराचा निकाल लागला. विल्म्सच्या गाठीत तीन तऱ्हेच्या पेशी असतात. ब्लास्टेमा ही सर्वांत कच्ची, दाट आणि झपाट्याने दुभंगणारी; दुसरी नळ्या घडवू पाहणारी; तिसरी आधाराच्या ऊतींची, जिला स्ट्रोमा म्हणतात. आमच्या मुलीची गाठ जवळजवळ सगळी या तिसऱ्या तऱ्हेची होती. तिच्यात चक्क स्नायूंचे तंतू तयार झाले होते, दंडाच्या स्नायूत असतात तसे, आडव्या पट्ट्यांचे. मूत्रपिंडाच्या पेशींनी वाट चुकून का होईना, पण मोठे व्हायचे ठरवले होते. व्हिन्क्रिस्टीन पेशीला दुभंगताना पकडते. जी पेशी दुभंगतच नाही, तिच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. म्हणून अशी गाठ औषधाने लहान होत नाही, क्वचित वाढलेलीही दिसते, आणि तरीही या जातीच्या गाठींची मुले फार चांगली बरी होतात.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्राच्या रकान्याजवळच 'पोटखराबा' नावाचा एक रकाना असतो. खडक, ओघळ, झऱ्याची जागा, म्हणजे गटाच्या हद्दीत असूनही जिथे पीक येत नाही अशी जमीन. क्षेत्र विचारले तर ती धरावी लागते, आणि शेत किती पिकते असे विचारले तर ती सोडून द्यावी लागते. चौतीस वर्षांत या एका रकान्यावरून मी किती भांडणे पाहिली असतील, त्याची गणती नाही : शेत घेणारा क्षेत्राचा आकडा पाहून पैसे मोजतो आणि पहिल्या पावसानंतर डोक्याला हात लावून बसतो. मुलीच्या पोटातले ते ४६८ मिलिलिटर जिवंत होते हे खरे, पण पिकणारे नव्हते. मी महिनाभर एकूण क्षेत्रच वाचत बसलो होतो.

अहवालाखाली लिहिले होते : स्ट्रोमल प्रकार, मध्यम धोका, पहिला टप्पा, लसिकाग्रंथी स्वच्छ. पुढचा उपचार तीच दोन औषधे, आणखी फक्त चार आठवडे. किरण नाहीत, हृदयाला त्रास देऊ शकणारे तिसरे औषध नाही. जिची गाठ जिरली नाही म्हणून आम्ही हादरलो होतो, तिला त्या खोलीतल्या मुलांमध्ये सर्वांत कमी उपचार मिळाले.

पेढेवाल्या मुलाचा अहवाल आमच्यानंतर दोन दिवसांनी आला. गाठ चौथाई उरली होती, पण उरलेल्यातला बहुतेक भाग जिवंत होता आणि तो जवळजवळ सगळा ब्लास्टेमाचा होता; पोटखराबा नाहीच, सगळे बागायत. ब्लास्टेमा झपाट्याने दुभंगतो म्हणून औषधाला तो सर्वांत आधी बळी पडतो आणि गाठ भराभर आकसते. म्हणूनच सुरुवातीला तो असणे फारसे भयाचे नसते. पण महिन्याच्या औषधानंतरही जो टिकला तो त्या औषधाला पुरून उरलेला असतो. सिऑपच्या पद्धतीत अशा गाठी सर्वाधिक धोक्याच्या वर्गात जातात. त्या मुलाला चार वेगळ्या औषधांचा, कित्येक महिन्यांचा उपचार सुरू झाला. त्याच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून विचारले की, गाठ एवढी कमी झाली तर शिक्षा कसली? मी जेवढे समजलो होतो तेवढे शेतीच्या भाषेत सांगितले. ते ऐकून घेतल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे पेढे लवकर वाटले." पुढे दोन वर्षे आमचे फोन होत, मुलगा शाळेत जाऊ लागल्याचेही त्यांनी सांगितले. नंतर तो क्रमांक बंद झाला.

आकाराला काहीच किंमत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा होईल. सिऑपच्या २०१६ नंतरच्या नियमावलीत औषधांनंतरही गाठ ५०० मिलिलिटर किंवा त्याहून मोठी असेल आणि ती मूत्रपिंडाबाहेर गेलेली असेल, तर मध्यम धोक्याच्या मुलांनाही जादा औषध दिले जाते. पण त्याच नियमात स्ट्रोमल आणि नळ्यांच्या प्रकारांना त्यातून वगळले आहे. एकूण क्षेत्राचा नियम आणि त्याखाली पोटखराब्याची सूट, दोन्ही एकाच परिच्छेदात.

रक्ताच्या कर्करोगात तर पहिला महिना फारच बोलका असतो. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात रोगट पेशी साधारण एक लाख कोटीच्या घरात असतात. शेकडा नव्व्याण्णव मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकाला मज्जा स्वच्छच दिसू शकते. म्हणून आता महिन्याअखेरीस दहा हजार पेशींत एक तरी रोगट पेशी उरली आहे का, हे वेगळ्या यंत्रांनी शोधतात, आणि त्या एका पेशीच्या असण्या-नसण्यावर पुढचा उपचार कमीजास्त करतात. तिथेही किती गेले यापेक्षा किती उरले हाच प्रश्न असतो. फक्त तिथे उरलेल्याची मोजणी करता येते, कारण तिथे पोटखराबा नसतो.

हाडांच्या कर्करोगात, ऑस्टिओसार्कोमात, याच्या अगदी उलट परिस्थिती. गाठीने स्वतःच हाड घडवलेले असते. पेशी मेल्या तरी ते हाड जागेवर राहते, त्यामुळे गाठ लहान होण्याची अपेक्षाच चुकीची. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पाय न कापता धातूचे हाड बसवण्याची सोय झाली, पण ते रोग्याच्या मापाने घडवायला कित्येक आठवडे लागत. तेवढा वेळ फुकट जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी आधीच औषधे सुरू केली. लोहारकामाच्या दिरंगाईतून एक नवी परीक्षा जन्माला आली : काढलेल्या हाडात नव्वद टक्के किंवा अधिक पेशी मेलेल्या असल्या तर मुलाचे भवितव्य चांगले, नसल्या तर धोका अधिक. ही परीक्षा आजही टिकून आहे. साहजिकच पुढचा विचार असा आला की, जे या परीक्षेत नापास होतात त्यांची औषधे वाढवावीत. युरोप-अमेरिकेतल्या अनेक देशांनी मिळून दोन हजारांहून अधिक रोग्यांची नोंद केली आणि नापास गटात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दोन जादा औषधे दिली. २०१६ मध्ये निकाल आला : जादा औषधांनी त्रास वाढला, रोग परतण्यात फरक पडला नाही.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे, कारण त्यात माझ्या नोकरीतली एक जुनी बोच पुन्हा भेटते. जमीन पिकणार नाही, हे मी अचूक सांगू शकत असे. ती पिकवायची कशी, हे त्या मोजणीतून कधीच निघत नसे, आणि शेतकरी मात्र माझ्याकडे तेच विचारत उभा असे.

स्नायू घडवू पाहणाऱ्या पेशींच्या कर्करोगात, रॅब्डोमायोसार्कोमात, तर आकाराचे भाकीतसुद्धा खरे ठरत नाही. युरोपातल्या पद्धतीत तीन फेऱ्यांनंतर गाठ एकतृतीयांशाने तरी घटली नाही तर औषधे बदलण्याचा प्रघात होता. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, ज्यांची गाठ पूर्णपणे काढता आली नव्हती अशा मुलांची आठव्या आठवड्याची छायाचित्रे तपासली, तेव्हा गाठ दिसेनाशी झालेली, अर्धीमुर्धी उरलेली आणि जशीच्या तशी राहिलेली, या तिन्ही गटांतल्या मुलांच्या पुढच्या पाच वर्षांत फरक आढळला नाही. तिथेही उरलेल्या गाठीत कधी कधी पक्व झालेले, निरुपद्रवी स्नायू सापडतात. हे वाचताना मला ती संध्याकाळ आठवते : दोन बाप, दोन कागद आणि एक पेढा. त्या वॉर्डात आम्ही सगळे एकमेकांच्या मुलांची मापे पाठ करून होतो. कोणाची किती उतरली, यावरून कोणाशी किती बोलायचे हेही नकळत ठरत असे. ज्यांची उतरली नाही त्यांच्या खाटेपाशी लोक कमी थांबत. आमच्या खाटेपाशीही ते चार दिवस कमीच थांबले, आणि त्याआधी मीही दुसऱ्या एका खाटेपाशी कमी थांबलो होतो.

नात आता दहा वर्षांची आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी असते आणि मी हट्टाने बरोबर जातो. उजवीकडची जागा मोकळी आहे. तिथे आतड्याची वळणे सरकून आली आहेत. डावे मूत्रपिंड एकट्याने दोघांचे काम करत असल्यामुळे वयाच्या मानाने मोठे झाले आहे, आणि ते तसे व्हायलाच हवे. गेल्या खेपेस तपासणाऱ्या ताईंनी पडद्यावर एका टोकाला फुली मारली, बोटाने रेघ दुसऱ्या टोकापर्यंत ओढली आणि आकडा वाचला : १०.४ सेंटिमीटर. मी वहीत मागच्या वर्षीचा आकडा पाहिला, दहा बरोबर होता. चार मिलिमीटर. मापात एवढी चूक होऊ शकते, हे मला पक्के ठाऊक असताना मी तो आकडा दोनदा गिरवून लिहिला. तिकडे नात पोटावरचे जेल गार लागते म्हणून कुरकुरत होती आणि अजून किती वेळ, असे मला विचारत होती.